श्रीचक्रधर आणि म्हाताऱ्यांची मराठी

दिनांक 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी व बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या घरांत या बातमीचा आनंद दुहेरी झाला. ज्या पालीत आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो ती, आणि ज्या मराठीत आपण आईजवळ भाकर मागतो ती, दोघींचा मान एकाच दिवशी झाला. पण त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. मान झाला तो कोणत्या मराठीचा? पुस्तकातल्या की आपल्या आईच्या तोंडच्या? महाराष्ट्र नावाच्या या सबंध प्रदेशाचा भाषेचा वारसा जगापुढे ठेवायचा झाला तर काय ठेवावे? यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे आपल्या अंबाजोगाईतले संस्कृत शिलालेख, देवगिरीच्या दरबारात लिहिले गेलेले संस्कृत ग्रंथ, की गोदाकाठच्या बायाबापड्यांचे बोलणे?

हा प्रश्न आजचा नाही. साडेसातशे वर्षांपूर्वी तो याच मुलखात निघाला होता आणि त्याचे उत्तरही याच मुलखात दिले गेले. ते उत्तर ज्यांच्या वागण्याबोलण्यातून तयार झाले, त्या महानुभाव पंथाच्या संस्थापक श्रीचक्रधर स्वामींचे जीवन येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. आपल्या बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे. महानुभाव त्याला आत्मतीर्थ म्हणतात. काळे वस्त्र नेसलेले साधू त्या वाटेने जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. हे लोक कोण, यांचा मूळ पुरुष कोण, हे मात्र आपल्या घरांत फारसे माहीत नसते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. महानुभाव बांधव चक्रधरांना परमेश्वराचा अवतार मानतात. त्यांच्या श्रद्धेचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. परंतु आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत, अवतार आपण मानत नाही. तेव्हा चमत्कारांच्या कथा बाजूला ठेवून, चक्रधर हा एक माणूस होता आणि त्या माणसाने काय केले, एवढेच आपण पाहू.

चक्रधर मराठी नव्हते. ही गोष्ट पुष्कळांना ऐकून नवल वाटते. परंपरेनुसार त्यांचा जन्म गुजरातेत भडोच येथे झाला. वडील विशाळदेव हे तेथल्या राजाचे प्रधान, आई माल्हणदेवी. मुलाचे नाव हरिपाळदेव. घरी वैभव, तारुण्यात लग्न, पत्नी कमळाइसा. मृत्यूच्या दारातून ते एकदा परत आले अशी कथा आहे. मोठे आजारपण आणि त्यानंतर मनात पडलेला पालट, असा तिचा अर्थ आपण लावू शकतो. हरिपाळदेवाला जुगाराचे व्यसन होते, हेही त्यांच्या अनुयायांनी लपवून ठेवलेले नाही. एकदा जुगारात मोठी रक्कम हरली. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीचे दागिने मागितले, तिने ते दिले नाहीत. पैसा असेपर्यंतच नाती असतात, असे मनाने घेतले आणि संसारावरचे चित्त उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घरातून निघाले. वाटेत बरोबरची माणसे मागे टाकली आणि एकटेच पुढे गेले.

विदर्भात अमरावतीकडे रिद्धपूर नावाचे गाव आहे. तेथे गोविंदप्रभू नावाचे एक अवलिये पुरुष राहत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. रस्त्याने हिंडावे, मुलांत खेळावे, कोणाच्याही घरी शिरून मागून खावे, अशी त्यांची तऱ्हा. गावातले काही लोक त्यांना वेडा समजत. हरिपाळदेवाला त्यांनी आपल्या तोंडचे शेंगुळे प्रसाद म्हणून दिले आणि चक्रधर हे नाव दिले, असे परंपरा सांगते. प्रधानाचा मुलगा एका वेड्या म्हटल्या जाणाऱ्या माणसाचे उष्टे शेंगुळे खाऊन त्याचा शिष्य झाला. विटाळ-चांडाळ पाळणाऱ्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. गोविंदप्रभू महारामांगांच्या घरी जात, त्यांच्यात बसत, आणि पाण्यासाठी विनवणी करणाऱ्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखवली, अशा आठवणी त्यांच्या चरित्रात आहेत. महाडच्या चवदार तळ्याआधी साडेसहाशे वर्षे पाण्याचा हा प्रश्न मराठी ग्रंथात नोंदला गेला आहे, एवढे आपण ध्यानात ठेवू.

रिद्धपूरहून चक्रधर निघाले ते सालबर्डीच्या डोंगरात गेले. तेथे मुक्ताबाई नावाची एक वृद्ध तपस्विनी राहत असे. पुढे पुष्कळ वर्षे ते एकटेच हिंडत राहिले. काही काळ तेलंगणात ओरंगल येथेही होते. या सगळ्या भटकंतीतून त्यांच्या कानावर अनेक भाषा पडल्या असल्या पाहिजेत. जन्मभाषा गुजराती, घराण्याच्या रिवाजाने संस्कृत, ओरंगलला तेलुगू. तरीही 1267 च्या सुमारास ते पैठणला येऊन राहिले, त्यांच्याभोवती माणसे जमू लागली, तेव्हा त्या माणसांशी ते मराठीत बोलले. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्य ग्रंथात ज्याचे बोलणे भरून राहिले आहे, तो माणूस भडोचचा होता. भाषा रक्तातून येते असे सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्या वेळी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. महादेव आणि त्यानंतर रामचंद्र असे राजे गादीवर आले. त्यांचा श्रीकरणाधिप होता हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून ओळखतो. त्याचा चतुर्वर्गचिंतामणी हा ग्रंथ संस्कृतात आहे. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणाला कोणते दान द्यावे, श्राद्ध कसे घालावे, कोणत्या तीर्थाचे पुण्य किती, याचे ते भले मोठे भांडार आहे. दान द्यायचे ते बहुतेक ब्राह्मणाला, आणि ते का द्यायचे हे लिहिले ज्या भाषेत, ती देणाऱ्या कुणब्याला वाचता येत नव्हती. राज्यातल्या यादव शिलालेखांत संस्कृत आहे, कानडी आहे, मराठीही आहे. म्हणजे मराठी अगदीच अज्ञात होती असे नव्हे. पण धर्माचे, ज्ञानाचे, मोक्षाचे बोलणे आले की ते संस्कृतातच व्हावे, असा दंडक होता.

चक्रधरांनी या दंडकाला तोंडाने आव्हान दिले असे दिसत नाही. त्यांनी तो पाळलाच नाही. ते देवळाच्या ओसरीवर बसत, गावोगाव हिंडत, आणि कोणी काही विचारले तर उत्तर देत. त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या भोवतीची माणसे पाहिली म्हणजे त्यांची भाषा तशी का होती हे कळते. नागूबाई ऊर्फ बाइसा ही पैठणची तपस्विनी त्यांच्या सेवेत राहिली. महदाइसा होती, आउसा होती, साधे नावाची भाबडी बाई होती. नागदेव होता, जो पुढे भटोबास म्हणून पंथाचा आचार्य झाला. शिष्यांत बायांची संख्या मोठी होती, आणि त्यांतल्या पुष्कळ विधवा, वयस्कर, घरादाराने टाकलेल्या. त्या काळच्या शास्त्राने स्त्रीला संन्यास नाकारला होता. चक्रधरांनी तो दिला.

महदाइसा फार प्रश्न विचारी. प्रश्न विचारण्याबद्दल तिला कोणी गप्प केल्याचे दिसत नाही, उलट चक्रधरांना तिच्या जिज्ञासेचे कौतुक होते. हीच महदाइसा पुढे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी धवळे रचून मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ठरली. बायांच्या विटाळासंबंधी चक्रधरांनी दिलेले उत्तर तर आजही घराघरांत वाचून दाखवावे असे आहे. शरीराच्या नऊ दारांतून जसे इतर मळ वाहतात तसाच तो एक, त्यात पाप नाही आणि अपवित्रता नाही, असा त्याचा आशय. आपण धम्मदीक्षा घेऊन पिढ्या झाल्या, तरी चार दिवस बाजूला बसवण्याची रीत आपल्याही काही घरांत अजून गेलेली नाही. तेराव्या शतकातला हा माणूस त्या बाबतीत आपल्या पुढे होता.

त्यांची शिकवण दृष्टांतांतून चाले. गावात हत्ती आला, जन्मांध माणसे त्याला पाहायला गेली. कोणाच्या हाती पाय आला, त्याने हत्ती खांबासारखा सांगितला. कोणाच्या हाती कान आला, त्याला तो सुपासारखा वाटला. हा दृष्टांत चक्रधरांच्या नावाने दृष्टांतपाठात आहे आणि कित्येकांनी शाळेच्या पुस्तकात वाचला असेल. आता आपल्या वाचकांनी हे पाहावे की हीच कथा पालीत, उदान या ग्रंथात तथागतांच्या तोंडी आहे. चक्रधरांनी पाली ग्रंथ वाचले होते, असे म्हणायला आधार नाही. पण ज्या मुलखात वेरूळ-अजिंठ्याची लेणी आहेत, तेथे तथागतांच्या कथा लोकांच्या तोंडी उरल्या असतील तर त्यात नवल ते काय? ग्रंथ नाहीसे केले तरी लोकांच्या तोंडून गोष्टी काढून घेता येत नाहीत, असे मला वाटते. सशाचीही कथा अशीच. पारधी ससा मारायला धावत आले, ससा चक्रधरांच्या आश्रयाला येऊन दडला. त्यांनी तो दिला नाही, आणि पारध्यांना समजावून परत पाठवले. सिद्धार्थ, देवदत्त आणि जखमी हंस यांची कथा आपल्या मुलांना पाठ असते, त्यांना ही वेगळी वाटणार नाही.

भिक्षेच्या बाबतीत त्यांनी शिष्यांना चारही वर्णांच्या घरी मागावे, घर निवडू नये, असा नियम घालून दिला. येथे मात्र आपण थांबून पाहिले पाहिजे. चार वर्ण म्हटले की चौथ्याच्या पलीकडचे आपले पूर्वज त्यात येतात की नाही? गोविंदप्रभूंचे वागणे पाहिले तर येतात असे वाटते. नियमाचे शब्द पाहिले तर शंका राहते. पुढच्या काळात पंथानेही गावातल्या जातीशी जुळवून घेतले. म्हणून चक्रधरांना आपण बुद्धाच्या ठिकाणी ठेवत नाही. भाषेच्या प्रश्नात मात्र त्यांच्याइतके स्पष्ट वागलेला दुसरा माणूस त्या काळात मला दिसत नाही.

अशा माणसाला प्रस्थापितांनी सुखाने राहू दिले नाही. बाया घर सोडून त्यांच्यामागे जातात, देवदेवतांची व्रते बंद पडतात, ब्राह्मणाचा मान राहत नाही, असा बोभाटा झाला. पैठणच्या पंडितांच्या सभेपुढे त्यांना उभे राहावे लागले आणि त्यांचा छळ झाला. या विरोधात हेमाद्रीचे नाव परंपरेने घेतले जाते. 1274 च्या सुमारास चक्रधर आपल्या माणसांतून गेले. ते उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. बाइसा, नागदेव, महदाइसा ही माणसे मागे राहिली. नागदेव रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे गेला आणि पुढे पंथाची धुरा त्याच्याकडे आली.

चक्रधर गेल्यावर भाषेचा प्रश्न उघडपणे पुढे आला. पंथात आता केशोबास आणि दामोदर पंडित यांच्यासारखे संस्कृतचे गाढे विद्वान येऊन मिळाले होते. केशोबासांनी संस्कृतात रचना केलीही होती. गुरूचे सगळे बोलणे संस्कृतात बांधले तर त्याला मान मिळेल, काशीपर्यंत ते वाचले जाईल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. नागदेवाने त्यांना अडवले. तसे केले तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांच्या हातचे काढून घेतल्यासारखे होईल, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या एका प्रसंगी पंडितांनी संस्कृतात प्रश्न विचारला तेव्हा त्याने सांगितले की तुमची ती भाषा मला ठाऊक नाही, चक्रधरांनी मला मराठीतच सांगितले आहे, तेव्हा मराठीतच विचारा. या आठवणी स्मृतिस्थळ या ग्रंथात आहेत.

धम्मबंधू-भगिनींनो, येथे आपल्याला विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. यमेळू आणि तेकुल नावाचे दोन ब्राह्मण भाऊ संघात भिक्खू झाले होते. त्यांची वाणी चांगली, उच्चार शुद्ध. नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणतात आणि ते बिघडवतात, अशी त्यांनी तक्रार केली. बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदाच्या भाषेच्या थाटात, बांधून घेण्याची परवानगी त्यांनी तथागतांकडे मागितली. तथागतांनी त्यांना फटकारले, तसे करणे हा अपराध ठरवला, आणि आपापल्या बोलीत ते शिकण्याची मोकळीक दिली. नागदेवाला ही गोष्ट माहीत असण्याचा संभव नाही. तरी दोन्हीकडे पंडित तोच आहे, त्याची सूचना तीच आहे आणि मिळालेला नकारही तोच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत दिल्या. इंग्रजीचा एवढा मोठा विद्वान, पण तेथे जमलेल्या लाखो बायाबापड्यांना शब्द न् शब्द कळावा हे त्यांनी पाहिले.

आता लीळाचरित्राकडे वळू. म्हाइंभट हा सराळ्याचा एक शास्त्री ब्राह्मण. विद्येचा मोठा गर्व बाळगून होता, वादात हरला आणि चक्रधरांचा अनुयायी झाला. गुरू गेल्यावर, आठवणी नाहीशा होण्याआधी त्या गोळा कराव्यात, असे त्याने मनावर घेतले. त्याने काय केले ते फार शिकण्यासारखे आहे. ज्याने जे पाहिले त्याच्याकडे तो स्वतः गेला. कोणी शेतात राबत असेल तर तेथे जाऊन, त्याच्या मागे मागे फिरून, त्याच्या तोंडचे लिहून घेतले. नागदेवाकडून पारखून घेतले. बाईने सांगितले ते बाईच्या बोलण्यात, गुराख्याने सांगितले ते गुराख्याच्या बोलण्यात. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला तर एकाला खोटे पाडून दुसरा ठेवला, असे झाले नाही. अशा पाठभेदांना पंथात वासना म्हणतात आणि ग्रंथात त्या नावानिशी नोंदल्या आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेले हे लीळाचरित्र मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ होय. ज्ञानेश्वरी 1290 सालची. देवगिरीवर खिलजीची स्वारी झाली त्या धामधुमीत मूळ पोथ्या हरवल्या. मग ज्यांना पाठ होते त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. त्यांत हिराइसा नावाच्या बाईच्या पाठाची परंपरा आहे. म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेले धन एका बाईच्या स्मरणातून परत मिळाले!

लीळाचरित्रातले वाक्य लहान असते. जेवणखाण, वाटेतला चिखल, कोणाचे भांडण, कोणाचे रडणे, सगळे त्यात येते. त्या काळी सामान्य माणूस काय खात होता, काय नेसत होता, कोणाला भीत होता, हे हेमाद्रीच्या ग्रंथावरून कळत नाही. ते म्हाइंभटाच्या ग्रंथावरून कळते.

आणखी एक गोष्ट याच परंपरेतून आपल्याला मिळाली आहे. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंगी देशांत जाऊ नये, ते देश विषयभोगाचे आहेत, असे सांगितले होते. पुढे पंथातल्या भाष्यकारांना प्रश्न पडला की महाराष्ट्र म्हणजे नेमका कोठून कोठपर्यंत? त्यांनी राजाच्या राज्याची हद्द सांगितली नाही. मराठी भाषा जेथे जेथे चालते तो मुलूख महाराष्ट्र, असे त्यांनी ठरवले आणि त्याचे भाग पाडून दाखवले. फलटणच्या दक्षिणेकडचा भाग, बालाघाटापर्यंतचा भाग, गोदावरीचे दोन्ही तीर, मेहकरच्या घाटापर्यंतचा भाग आणि सगळे वऱ्हाड. या भागांत भाषेचा थोडाथोडा पालट आहे, पण सगळे मिळून महाराष्ट्र म्हणावे, असा त्यांचा निर्णय. यातला बालाघाट आणि गोदेचा दक्षिण तीर म्हणजे आपला बीड जिल्हाच की! पालट मान्य करून त्यांनी सर्वांना एकत्र धरले. कोणत्याही एका भागाच्या बोलीला शुद्ध म्हणून वर बसवले नाही.

असे असताना हे धन महाराष्ट्राला शेकडो वर्षे दिसले का नाही? याचे कारण सांगितल्याशिवाय चक्रधरांच्या परंपरेची गोष्ट पुरी होत नाही. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा कित्येक लिप्या तयार झाल्या. पोथी परक्याच्या हाती पडून तिची विटंबना होऊ नये हा हेतू. छळ सोसलेल्या माणसांना असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण परिणाम काय झाला? म्हाताऱ्यांना कळावे म्हणून ज्या ग्रंथासाठी संस्कृत नाकारली, तोच ग्रंथ आता म्हाताऱ्यांना वाचता येईना. भाषा मराठी राहिली आणि किल्ली मात्र महंतांच्या हाती गेली. माझ्या मते नागदेवाच्या निर्णयाविरुद्ध त्याच्याच वारसांनी केलेली ही गोष्ट होती.

ग्रंथ कुलपात गेले तेव्हा बाहेर निंदा करणाऱ्यांना रान मोकळे झाले. महानुभाव या शब्दाचे लोकांच्या तोंडी मानभाव झाले, आणि मानभावी म्हणजे ढोंगी असा अर्थ शब्दकोशात जाऊन बसला. रूढी मोडणाऱ्या माणसांच्या नावाचीच शिवी करायची ही रीत आपल्या ओळखीची आहे. आपल्या पूर्वजांच्या जातींची नावे गावोगाव कशी वापरली जात, हे कोणाला सांगायला नको. आजही लेखक-वक्ते सर्रास मानभावी हा शब्द वापरतात. आपण तरी तो वापरू नये. मजेची गोष्ट अशी की इकडे निंदा चालू असताना पंथ पंजाबात पोहोचला. तेथे त्याला जयकृष्णी म्हणतात, आणि पंजाबी बोलणारे अनुयायी धर्मग्रंथ म्हणून मराठी पोथ्या वाचू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. काही महंतांनीही पोथ्या मोकळ्या करायला मदत केली. 1930 नंतर नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केले, पुढे शं. गो. तुळपुळे यांनी, आणि 1978 साली वि. भि. कोलते यांची आवृत्ती निघाली. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून जे पुरावे मांडले गेले त्यांत लीळाचरित्र होते. रिद्धपूरला 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. म्हणजे शेवटी प्रदेशाच्या भाषेचा दाखला म्हणून दिल्लीला जे दाखवले गेले, त्यात बाइसा-महदाइसांचे बोलणे आले.

मी शाळेत मराठी शिकवतो. वर्गात एखादे पोर म्या केलं, त्वा दिलं असे बोलले की बाकीची हसतात. पाहुणे आलेले असले तर तेही हसतात. ते अशुद्ध आहे असे सगळ्यांचे ठाम मत असते. पण जुनी मराठी उघडून पाहा. तेथे मियां आहे, तुवां आहे. त्याचीच ही सरळ मुले. पुस्तकी मराठीने ती रूपे टाकून दिली, आपल्या आजीने सांभाळली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून उर्दूचे कितीतरी शब्द आपल्या बोलण्यात मुरले, तेही आता आपलेच आहेत. जिल्ह्यातल्या तांड्यांवर गोरबोली आहे, मोहल्ल्यांत दखनी आहे. महाराष्ट्राचा भाषेचा वारसा मोजताना त्यांना दारात उभे करणे बरे नव्हे. भडोचच्या माणसाने पहिल्या मराठी गद्याला वाणी दिली, हे विसरायचे नाही.

म्हाइंभटासारखे काम आपल्या काळातही झाले आहे आणि आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन बायांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. 1996 साली माजलगावच्या भीमनगरात त्यांनी ध्वनिमुद्रण केले. तेथल्या बायांनी बुद्धावर, भीमरायावर, संघावर, जातीच्या जाचावर ओव्या म्हटल्या. त्या बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. दीक्षेनंतर गावात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्यांच्या ओव्यांत जितके आले आहे तितके कोणत्याही अहवालात आलेले नाही.

आता घरोघरची जाती उठली, आणि 1956 नंतरचे ते पहिले दिवस ज्यांनी पाहिले त्या बाया मोजक्याच उरल्या आहेत. ज्यांच्या वाड्यात अशी एखादी म्हातारी अजून आहे त्यांनी वही घेऊन तिच्याजवळ बसावे. घरातले देव कधी आणि कोणी काढले, पहिले बौद्ध पद्धतीचे लग्न कोणाचे लागले, गावाने पाणी तोडले तेव्हा काय केले, हे विचारावे. ती म्या म्हणाली तर म्याच लिहावे. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख घालावी. दोघींनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही लिहून ठेवाव्यात, आणि वहीची एक प्रत विहारात द्यावी.